कानेउराचा वाकलेला गोलकीपर

ही गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. माझ्या पोरीबरोबर झाली, आणि माझ्या हातून झाली.

पटत नसेल तर इथेच थांबा, राग नाही. पण वाचून झाल्यावर "काका, तुम्ही घेतली होती का?" असलं काही विचारू नका. ढोल वाजवायच्या दिवशी मी पीत नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दुपारी दोनची मॅच. लख्ख ऊन.

हो, दुपारी. आजूबाजूला चार हजार माणसं, हातात बिअर, गळ्यात नारिंगी पट्टे. भुताला अंधार लागतो असं मलाही वाटायचं.

जागा म्हणाल तर आमच्या कानेउरा बंदराच्या वरचं मैदान. डोंगरावर संत्र्यांच्या बागा आणि मध्येच हे मैदान खोदून काढलेलं. समोरच्या गोलच्या मागे थेट समुद्र दिसतो. टीव्हीवाले म्हणतात, देशातलं सगळ्यात देखणं मैदान. पाहुण्या टीमला विचारा. आमच्या स्टँडसमोर खेळायचं म्हणलं की त्यांना घरी जावंसं वाटतं.

माझं नाव इसोगाई. बंदरावर ट्यूना साठवतात त्या गोदामात कामाला आहे. आत उणे साठ डिग्री. शाळा नववीत सुटली. हे सगळं फोनमध्ये बोलून लिहितोय, चुकलं तर पोटात घाला.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या स्टँडला एक म्होरक्या असतो. पहिल्या ओळीत, कठड्याला लागून एक लाकडी चौथरा. त्यावर तो उभा राहतो, हातात भोंगा घेऊन. तोंड आमच्याकडे. पाठ मैदानाकडे.

नव्वद मिनिटं पाठ मैदानाकडे.

मॅच त्याला दिसतच नाही. गोल झाला तर आमची थोबाडं बघून त्याला कळतं. तो मागे वळत नाही. वळला तर संपला, परत त्याला कुणी चौथऱ्यावर चढू देत नाही. आणि त्याच्या शेजारी ढोलवाला. म्हणजे मी.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून आमची म्होरकी आहे माझी पोरगी. चिनात्सु. सव्वीस वर्षांची. बोटीच्या तिकीट खिडकीवर नोकरी करते. तिथे इतकी गोड बोलते की विचारू नका. चौथऱ्यावर चढली की मात्र रेड्यासारखा आवाज.

बाईमाणूस म्होरक्या. आमच्याकडे हे पहिल्यांदाच. सगळ्यांना आवडलं असं नाही. आणि तो शनिवार तिची खरी परीक्षा होती. समोर तोगासे. शेजारचं गाव, कागदाच्या गिरण्यांचं. त्यांची आमची मॅच अकरा वर्षांनी होत होती.

अकरा वर्षं का नाही झाली, ते सांगतो. आधी सकाळचं सांगू दे.

मॅचच्या दिवशी आठ वाजता आम्हा सहाजणांना आत सोडतात, कठड्याला बॅनर बांधायला. बाकी मैदान रिकामं असतं. गवतावर दव. खाली बंदरातून बोटीचा भोंगा. मला ती वेळ फार आवडते. आवडायची.

मी गाठ मारत होतो. बाकीचे वर बॅनर उलगडत होते.

आणि आवाज आला...

थप्.

मी मान वर केली. कुणी नाही.

थप्... थप्.

ज्यांनी फुटबॉल जवळून बघितलाय त्यांना हा आवाज माहीत आहे. गोलकीपर सामना सुरू व्हायच्या आधी हातमोजे एकमेकांवर आपटतो, तो आवाज. पण हा ओला होता. ओल्या हातमोज्यांचा.

समोर गोल होता. त्याला जाळीसुद्धा अजून लावलेली नव्हती. नुसते पांढरे खांब.

"बाबा, गाठ सैल मारताय," चिनात्सु वरून ओरडली. "तोगासेवाले बघून हसतील!"

"तुला काही ऐकू आलं का गं?"

"तुमचे गुडघे वाजतात तेवढं येतंय."

पोरं हसली. मी पण हसलो. गाठ सोडून परत मारली.

पण गवताकडे बघितलं. गोलच्या रेषेवर एका जागी दव नव्हतं. दोन पावलांएवढ्या जागेत. बाकी सगळीकडे पांढरं, तिथे हिरवंगार. बराच वेळ कुणी उभं असल्यासारखं.

बाहेर यासुए मावशीचा गाडा असतो. ओदेन विकते, म्हणजे काळ्या रश्श्यात उकळलेले मुळ्याचे, माशाचे तुकडे, काडीला टोचलेले. माझ्या जन्माआधीपासून तिथे असावी असं वाटतं. तिनं मला बघितलं आणि न विचारता वाटीत दोन काड्या टाकल्या.

"तोंड का पडलंय?"

"झोप नाही झाली."

"आज ते येणार ना, तोगासेवाले?"

"बारा बस आल्यात."

ती रस्सा ढवळत राहिली. मग म्हणाली, "आज तरी नीट वागा रे तुम्ही लोक. ते पोर माझ्याकडे खायला यायचं. मुळ्याची फोड मागायचं, नेहमी दोन."

कोणतं पोर, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

सांगतो.

सेनो. सेनो काझुतो. आमचा गोलकीपर. तेवीस वर्षांचा. इथलाच, बंदरावरचा. त्याचा बाप मासळीच्या लिलावात घंटा वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी मोसमाची शेवटची मॅच, समोर तोगासे, याच मैदानावर. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात टिकलो असतो.

शेवटच्या मिनिटाला एक चेंडू आला. म्हातारीनं झाडूनं ढकलावा इतका हळू. सेनो वाकला. चेंडू हातांमधून गेला, पायांमधून गेला, आत गेला.

आमच्या स्टँडसमोरच.

आम्ही खालच्या गटात गेलो, ते तोगासे परत समोर यायला अकरा वर्षं लागली.

आता आमची रीत अशी की मॅच संपली की आमचा संघ आमच्या स्टँडसमोर एका रांगेत उभा राहतो आणि कमरेत वाकून नमस्कार करतो. जिंका नाहीतर हरा. आपण टाळ्या वाजवतो. हरले तर शिव्या देतो. शिव्या चालतात. शिव्या देताना तोंड तरी समोर असतं.

तेव्हा म्होरक्या होता किरियामा. तो भोंग्यात म्हणाला, "आज टाळी नाही. शिवी पण नाही. ते वाकले की इसो ढोलाचा एक ठोका देईल. एकच. ठोका पडला की सगळ्यांनी पाठ फिरवायची."

ते आले. वाकले.

मी टिपरू उचललं.

ढम्.

चार हजार माणसं वळली. मी पण वळलो. समोर फक्त सिमेंटची भिंत. मागून काही आवाज नाही. असली शांतता मी त्या मैदानात कधी ऐकली नव्हती. मग बुटांचे आवाज, लांब जाणारे.

गेले असतील म्हणून आम्ही वळून बघितलं. दहाजण गेले होते.

एक तसाच वाकलेला होता. आमच्या पाठींना नमस्कार करत.

माळ्यानं गवतावर पाण्याचे फवारे सोडले. तो भिजला. उठला नाही. लोक घरी गेले. मी ढोल गुंडाळून निघालो तेव्हाही तो वाकलेलाच होता.

तीन आठवड्यांनी, पावसात, किनाऱ्याच्या रस्त्यावरून त्याची गाडी समुद्रात गेली. गाडी मिळाली. तो मिळाला नाही. पोलिसांनी अपघात लिहिलं. अपघातच असेल.

गावानं किरियामाला नावं ठेवली. त्याला चौथरा सोडावा लागला. ढोलवाल्याला कुणी काही बोललं नाही. ढोलवाला काय, सांगतील ते वाजवतो.

मी पण स्वतःला हेच सांगायचो. अकरा वर्षं.

तर, मॅच.

दीड वाजता स्टँड भरला. किरियामा आला होता. आता अडुसष्ट वर्षांचा आहे, शेवटच्या ओळीत बसतो, जीभ मात्र पहिल्या ओळीपर्यंत पोचते.

"ए इसो! पोरीला स्वेटर दे रे, वारा आहे!"

चिनात्सुनं भोंगा तोंडाला लावला. "किरियामा-सान, तुम्ही टोपी घाला. उन्हात टक्कल चमकतंय, गोलकीपरच्या डोळ्यांवर येईल."

सगळा स्टँड हसला. किरियामाचं तोंड आंबलं.

समोरून तोगासेवाले सुरू झाले. "मासळीबाजार! मासळीबाजार!" नाकं दाबून. आमची पोरं ओरडली, "गटार प्या, गटार! कागद खा!" मधल्या जाळीवर दोन बाटल्या आपटल्या. रखवालदार धावले. वातावरण सकाळपासूनच घाण होतं. नेहमीची चेष्टा नव्हती ती. अकरा वर्षांचं साठलेलं होतं.

चिनात्सु चौथऱ्यावर चढली. मैदानाकडे पाठ केली. माझ्याकडे बघून मान हलवली.

मी सुरू केलं.

पहिल्या हाफमध्ये आमच्या स्टँडसमोर तोगासेचा गोलकीपर होता. आम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. पण तो आमच्याकडे बघतच नव्हता. तो सारखा मागे वळून आपल्याच जाळीमागे बघत होता. एकदा, दोनदा. मग त्यानं रेफरीला बोलावलं आणि जाळीमागे हात दाखवला. रेफरी आला, बघितलं, खांदे उडवले.

"घाबरला, घाबरला!" पोरं नाचायला लागली.

मी जाळीमागे बघितलं.

आणि मला दिसला...

एक माणूस. कमरेत वाकलेला. आमच्याकडे डोकं करून.

आधी वाटलं, फोटोवाला असेल, बॅगेत वाकून काहीतरी शोधतोय. पण हात मांड्यांना चिकटलेले. पाठ एका रेषेत. आणि अंगात पिवळा शर्ट. आमच्या गोलकीपरचा तो पिवळा रंग अकरा वर्षांपूर्वी बंद झाला.

माझा ठोका चुकला.

चिनात्सुनं डोळे वटारले. मी ताल धरला. परत बघितलं तर तिथे कुणी नव्हतं.

म्हणलं, ऊन लागलं असेल.

दहा मिनिटांनी तो जाहिरातीच्या फळ्यांच्या अलीकडे होता.

तसाच वाकलेला. त्याला चालताना मी बघितलंच नाही. नजर चेंडूकडे गेली, परत आली, की तो थोडा जवळ. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. एवढ्या उन्हात. शेजारी चेंडू उचलायला बसलेला माणूस होता, त्याच्यापासून हातभर. त्याचं लक्षच नव्हतं.

डोकं खाली, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. एवढीच देवाची कृपा.

मग माझ्या लक्षात आलं. पूर्ण स्टँडमध्ये चार हजार माणसांची तोंडं त्याच्याकडे होती.

फक्त एकीची पाठ होती.

माझ्या पोरीची.

हाफटाइमला मी तिचा हात धरला.

"चिनात्सु, पुढच्या हाफला तू खाली उतर. आज मैदानाकडे तोंड करून उभी राहा."

तिनं पाणी पिता पिता माझ्याकडे बघितलं. "काय?"

"सांगतोय ते ऐक."

"बाबा, मैदानाकडे बघत कुणी स्टँड चालवतं का? हा काय पूल आहे, मासे धरायला?"

"तुझ्या मागे कुणीतरी आहे."

"माझ्या मागे कायम कुणीतरी असतं. तुमच्या मागे बघा, ते माझ्यावर टपलेत." तिनं मानेनं वर दाखवलं. किरियामा दोन म्हाताऱ्यांशी कुजबुजत होता. "मी आज एकदा जरी वळले ना, तर उद्या सगळं बंदर म्हणेल, बाई होती, भ्यायली. तुम्हाला तेच पाहिजे?"

"मला सेनो दिसतोय," मी म्हणलं.

तिनं बाटली तोंडापासून खाली घेतली.

बाटलीचं झाकण लावायला तिला जरा वेळ लागला. मग हळू आवाजात म्हणाली, "ते नाव आज नका घेऊ. मॅच झाल्यावर बोलू."

आणि चढली चौथऱ्यावर.

दुसऱ्या हाफमध्ये तो दिसलाच नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी गवताचा कोपरा न् कोपरा बघितला. आमचा गोलकीपर आता आमच्यासमोर होता, त्याच्या मागे रिकामी जागा. तोगासेवाले थंडावले होते. आमचा स्टँड पेटला होता. पोरीचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. मला वाटलं, गेला असेल. पोरीच्या आवाजानं पळाला असेल.

मग कळलं, तो का दिसत नाही.

आमची पहिली पायरी गवतापासून माणसाच्या उंचीवर आहे. कठड्याच्या अगदी खाली कुणी उभं राहिलं, तर वरून दिसत नाही.

थप्.

माझ्या पायाखालून आला आवाज.

थप्... थप्.

चौथऱ्याच्या फळीवर पाण्याचा ओघळ आला. कठड्याच्या बाजूनं. खालून वर. मीठ आणि शेवाळाचा वास. बंदरावर आयुष्य गेलंय माझं, तो वास मला झोपेतही कळतो. पाणी चिनात्सुच्या टाचांपर्यंत आलं. ती गात होती. तिचं लक्ष माझ्याकडे, स्टँडकडे. खाली नाही.

आणि कठड्याच्या खालच्या गजावर...

चार बोटं आली. फुगलेल्या, काळ्या पडलेल्या हातमोज्याची.

तिच्या पायापासून वीतभर.

मी ओरडलो. चार हजार माणसांच्या आवाजात माझं कोण ऐकतंय? तिला माझी हाक ऐकू येत नव्हती. पण ढोल तिला ऐकू येतो. ढोल चुकला की ती माझ्याकडे बघतेच.

म्हणून मी वाजवायचं थांबवलं. आणि तिचं लक्ष वेधायला सगळी ताकद लावून ठोका मारला.

एकच.

ढम्.

टिपरू कातड्यावर पडलं आणि त्याच क्षणी मला कळलं, मी काय केलं ते.

आवाज बंद झाला.

हळूहळू नाही. सुरी फिरवल्यासारखा. गाणं अर्ध्या शब्दात तुटलं.

मी मागे बघितलं.

चार हजार माणसं पाठ फिरवून उभी होती.

सगळी. त्यात अकरा वर्षांपूर्वी जन्माला न आलेली पोरं होती, बापाच्या खांद्यावर बसलेली. बाप वळलेला, पोरगंही वळलेलं. आधी फक्त एकदा, उन्हाळ्यात, येऊन गेलेले नवे लोक होते. ज्यांना सेनो हे नावसुद्धा माहीत नाही असे लोक. सगळ्यांची तोंडं सिमेंटच्या भिंतीकडे. नारिंगी पाठींची भिंत. शेवटच्या ओळीत किरियामाचं टक्कल.

कुणी हलत नव्हतं. कुणी खोकत नव्हतं.

मैदानात मॅच चालूच होती. चेंडूवर बुटाचा आवाज. लांबून तोगासेचा ढोल. आमच्याकडे मात्र काही नाही.

"चिनात्सु..."

ती त्या पाठींकडे बघत होती. हातातला भोंगा खाली पडला. मग तिनं हात मांड्यांना लावले, पाय जुळवले...

आणि वाकली.

खेळाडू वाकतात तशी. पूर्ण. पाठ एका रेषेत.

मी तिचे दंड धरले. "ऊठ! ऊठ, पोरी!"

तिच्या अंगात उणे साठचा गारवा. मी बोलतोय ते मोजूनमापून बोलतोय. रोज तो गारवा हाताळतो मी. गोठलेला ट्यूना उचलताना हातमोज्यातून बोटांना जसा चावतो, तसा तिचा दंड मला चावला. अंग लाकडासारखं. उचललं जाईना. सरळ करता येईना.

श्वास चालू आहे का, बघायला मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

श्वास नव्हता.

नक्की किती वेळ, मला माहीत नाही. मला ते वर्षासारखं वाटलं. मी मदतीला ओरडलो, चार हजार पाठींपैकी एकही हलली नाही. तेव्हा मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. पण सेनोला काय वाटलं असेल, ते मला कळलं.

मग मी तिला सोडलं. कठड्याकडे वळलो. टिपरू खाली ठेवलं आणि मैदानाकडे तोंड करून वाकलो. माझे गुडघे, माझी कंबर, सगळं दुखत होतं. तरी पूर्ण वाकलो.

"सेनो-सान," मी म्हणलं, "तो ठोका मी दिला होता. किरियामानं सांगितलं, पण हात माझा होता. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. मी वळून बघितलं तेव्हा तू वाकलेला होतास, आणि मी ढोल गुंडाळून घरी गेलो. घरी जाऊन जेवलो. तिला सोड. तिचं काही नाही यात. मला घे."

खाली बघत होतो. गवत दिसत होतं आणि कठड्याचा गज. गजावर बोटं नव्हती.

मग माझ्या उजव्या कानाशी...

थप्.

गालावर खारं पाणी उडालं.

आणि माझ्या मागे चार हजार माणसं गायला लागली. जिथे तुटलं होतं, त्याच शब्दापासून.

मी वळलो. सगळ्यांची तोंडं पुढे. नाचतायत, उड्या मारतायत. किरियामा ओरडला, "ए इसो! झोपला का? ढोल वाजव की!"

चिनात्सु उभी होती. तोंड पांढरंफटक. तिनं भोंगा उचलला. उरलेली मॅच चालवली पोरीनं. मागे वळली नाही. बरोबरीत सुटली मॅच, कुणाला काही आठवतही नसेल त्यातलं.

शेवटी आमचा संघ आला, रांगेत वाकला. स्टँडनं टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जास्त वाजवल्या. हात सुजले.

बाहेर मी दहाजणांना विचारलं, मध्ये गाणं थांबलं होतं ना? तुम्ही वळला होता ना? सगळे माझ्याकडे बघून हसले. किरियामाला धरलं तर म्हणाला, "पाठ? मी? त्या एका पाठीपायी अकरा वर्षं लोक माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी परत वळेन?" त्याचे डोळे ओले होते. तो खोटं बोलत नव्हता.

पण टीव्हीवर आहे. एकाहत्तरावं मिनिट. कॅमेरा एकदा आमच्या स्टँडवर येतो, सगळ्या पाठी दिसतात. सांगणारा म्हणतोय, "कानेउराचे प्रेक्षक कशाचा तरी निषेध करताना दिसतायत." सोमवारी क्लबला फोन आले, कसला निषेध म्हणून. क्लबनं आम्हाला विचारलं.

घरी जाताना चिनात्सु गाडीत माझ्या शेजारी बसली होती. बंदराच्या वळणावर म्हणाली, "बाबा, मी वाकले तेव्हा खाली फळी नव्हती. पाणी होतं. काळं."

"गप्प बस. झालं ते झालं."

"मला उठता येत होतं."

मी गाडी बाजूला घेतली.

"उठता येत होतं, बाबा. पण उठले असते तर परत त्या पाठी दिसल्या असत्या. म्हणून नाही उठले." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी पंधरा वर्षांची होते तेव्हा. मी पण वळले होते. तुमच्या ठोक्यावर."

मला वाटलं होतं तो माझ्याकडे हिशेब मागायला आलाय. आता मला तेही नक्की सांगता येत नाही. मी "मला घे" म्हणलं होतं. मला तर काहीच झालं नाही. खातोपितो, कामाला जातो. ढोल तेवढा गोदामातल्या सुताराच्या पोरीला देऊन टाकला. ती बरा वाजवते.

चिनात्सु अजून म्होरकी आहे. आवाज तसाच आहे. डॉक्टरला दाखवलं, त्यानं सगळं ठणठणीत म्हणून सांगितलं.

फक्त एक आहे.

तिची नोकरी धक्क्यावर. बोट सुटते तेव्हा तिकीट खिडकीवरचे चौघं बाहेर येऊन रांगेत उभे राहतात आणि बोटीला वाकून नमस्कार करतात. दिवसातून सहा वेळा. बोट वळली की उठायचं आणि आत जायचं. सगळ्या बंदरांत असंच करतात.

एका रविवारी मी सहज तिला डबा द्यायला गेलो होतो. बोट सुटली. चौघं वाकले. बोट वळली. तिघं उठले.

चौथी उठली नाही.

मी मोजायला लागलो. चार... पाच... सहा... सातला उठली. माझ्याकडे बघून हसली. "बाबा, तुम्ही कधी आलात?"

मी डबा तिच्या हातात दिला. मनात म्हणलं, पाठ दुखत असेल.

तेव्हापासून जमेल तेव्हा जातो. मासळीच्या पेट्यांमागे उभा राहतो, तिला दिसणार नाही असा. डिसेंबरात अकरा आकडे लागायचे. मार्चमध्ये एकोणीस. तिच्याबरोबरची माणसं आता तिच्यासाठी थांबत नाहीत. आत जातात. ती एकटीच राहते धक्क्यावर, समुद्राकडे वाकलेली. खालचं पाणी तिथे काळंच दिसतं.

काल तेहतीस झाले तरी उठली नव्हती. मी पेट्यांमागून धावलो. मी पोचायच्या आत ती उठली, केस नीट केले आणि आत गेली. जिथे ती उभी होती, तिथे सिमेंट ओलं होतं.

तिला सांगितलं तर म्हणते, "मी सगळ्यांबरोबरच उठते, बाबा. तुम्ही फार काळजी करता."

आज तीनची बोट आहे. अडीच वाजलेत.

मी निघतो.